जांभ्याच्या घरात वायफाय पोचत नाही, त्यात समोरच्या काकांकडे पण नेट द्यायचंय, गणपतीच्या आधी काय करता येईल?

देवरुखची_बाय:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण नीट सांगते म्हणजे परत परत विचारायला नको.

संगमेश्वर तालुक्यात गावी आमचं जुनं कौलारू घर आहे, भिंती जांभ्याच्या, हातभर जाड. गावातल्या केबलवाल्याकडून फायबर घेतलंय, प्लॅन १०० एमबीपीएसचा. त्याच्या माणसाने राउटरचा डबा ओटीवर टीव्हीच्या मागे लोखंडी कपाटाच्या बाजूला ठोकला आणि गेला. ओटीवर बसलं की नेट मस्त, माजघरात गेलं की अर्धं, आणि मी काम करते ती वरच्या माडीवर (घरात तेवढीच एक शांत जागा), तिथे मीटिंग सुरू झाली की माझा आवाज तुटतो. पुण्याच्या कंपनीचं काम आहे, वर्क फ्रॉम होम. कॅमेरा बंद ठेवून किती दिवस काढणार.

दुसरं म्हणजे खळ्याच्या पलीकडे काकांचं नवीन स्लॅबचं घर आहे, मध्ये साधारण चाळीस मीटर अंतर असेल, एक आंबा आणि दोन माड मध्ये. काकांना वेगळं कनेक्शन नकोय, म्हणतात तुमच्याकडे एवढं आहे तर इकडे पण येऊ दे, महिन्याचे पैसे अर्धे अर्धे. चुलतभाऊ म्हणतो लॅनची वायर विजेच्या खांबावरून ओढून आणतो, एका दिवसाचं काम. मला ते पटत नाहीये पण का पटत नाहीये ते सांगता पण येत नाही.

आणि तिसरं, गणपतीला मुंबईहून सगळे येणार, दोन्ही घरं मिळून वीसेक माणसं आणि प्रत्येकाच्या हातात फोन. मागच्या वर्षी तर आरतीच्या वेळी नेट पूर्ण झोपलं होतं. केबलवाला म्हणतो ३०० चा प्लॅन घ्या सगळं सुटेल. खरंच सुटेल का? की उगाच महिन्याला जास्तीचे जातील?

बजेट पाच-सहा हजार, थोडं वरखाली चालेल.

तारवाला:

ताई, प्लॅन वाढवू नका. आधी थांबा आणि मोजा. केबलवाल्याला प्लॅन विकायचाच असतो, त्यात त्याचं काही चूक नाही, पण तुमचं दुखणं प्लॅनमध्ये आहे असं वाचून तरी वाटत नाही. ओटीवर पूर्ण स्पीड मिळतोय म्हणजे घरात येतंय ते नीट येतंय, पुढे भिंतीत मरतंय.

पण वाटतं यावर जाऊ नका. लॅपटॉप डब्याला वायरने जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट करा. एकदा सकाळी लवकर, एकदा रात्री नऊच्या सुमारास. वायरवर सकाळी ९४-९५ दिसलं तर घाबरू नका, १०० च्या पोर्टवर एवढंच येतं, बाकीचं पॅकेटच्या वेष्टणात जातं. पण रात्री वायरवरच ३०-४० वर येत असेल तर तो केबलवाल्याच्या मागच्या लाईनचा प्रश्न आहे आणि मग तुम्ही घरात सोन्याचा राउटर लावलात तरी फरक पडणार नाही. हे आधी कळलं पाहिजे.

मग वायरशिवाय. डब्यातून दोन नावं दिसत असतील, एक साधं आणि एक पुढे ५जी लिहिलेलं. साधं म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ, लांब जातं, भिंतीतून बरं जातं, पण सावकाश, आणि तीच जागा ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, शेजाऱ्यांची वायफाय सगळे वापरतात. दुसरं ५ गिगाहर्ट्झ, वेगवान, पण भिंत आली की लगेच मान टाकतं. तुमचा जांभा म्हणजे लोह असलेला दगड, वर सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी धरतो, आणि पाणी वायफाय शोषून घेतं. त्यामुळे मे महिन्यात माडीवर कसंबसं चालणारं नेट जुलैमध्ये जास्त वाईट वाटत असेल, बघा आठवून. त्यात डबा टीव्हीच्या मागे आणि बाजूला लोखंडी कपाट! टीव्हीच्या मागे पत्रा असतो. म्हणजे सिग्नल निघायच्या आधीच दोन बाजू बंद.

तर ओटी, माजघर, माडी तिन्हीकडे दोन्ही नावांवर स्पीड घ्या आणि इथे टाका. अपलोडचा आकडा पण लिहा, लोक तो लिहीतच नाहीत आणि अर्धी भांडणं तिथेच असतात.

देवरुखची_बाय:

घ्या आकडे. वायरवर सकाळी ९४, रात्री साडेनऊला ८८. अपलोड दोन्ही वेळेला २१-२२. ओटीवर ५जी वर ९० च्या आसपास, साध्यावर ३५. माजघरात ५जी १५ आणि मध्येच गायब, साधं १८. माडीवर ५जी दिसतच नाही, साधं ४ ते ७, कधी २. आणि हो, पावसाळ्यात जास्त वाईट होतं हे एकदम बरोबर, मी समजत होते माझा लॅपटॉप जुना झाला.

झटपट_राजू:

मेश घे ताई मेश. तीन डब्यांचा सेट ऑनलाईन सेलमध्ये बघ, एक ओटीवर एक माडीवर एक काकांकडे, ॲपमधून पाच मिनिटात सेट होतं, वायरबियर काही नाही. माझ्या फ्लॅटमध्ये लावलंय, लोण्यासारखं चालतं.

तारवाला:

राजूभाऊ तुमच्या फ्लॅटमध्ये चार इंची विटांच्या भिंती असतील हो. मेश जादू नाही, दोन डबे एकमेकांशी वायफायनेच बोलतात, आणि जिथे फोनला ५जी पोचत नाही तिथे मेशच्या दुसऱ्या डब्याला तरी कुठून पोचणार? माडीवरचा डबा ओटीवरच्या डब्याशी कमजोर सिग्नलवर बोलेल आणि तुम्हाला वर वायफायच्या चार फुल काड्या दिसतील, स्पीड मात्र आठ. साध्या रिपीटरचं तर विचारूच नका, तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, म्हणजे आहे त्याचं निम्मं. आणि काकांचं घर चाळीस मीटर लांब, दोन भिंती आणि आंब्याची ओली पानं मध्ये. नाही जमणार.

मेश घ्यायचंच असेल तर डबे एकमेकांना वायरने जोडा, मग चांगलं चालतं. पण वायर ओढणारच असाल तर हजार-दीडहजारचा साधा ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्हीवाला) राउटर पण तेच काम करतो.

ताई, तुमचे आकडे एकदम स्वच्छ आहेत. लाईन चांगली, रात्री पण पडत नाही. ३०० चा प्लॅन घेतलात तर ओटीवर कदाचित दोनशेच्या वर दिसेल आणि माडीवर तेच ४ ते ७. काम काय तर वायर माडीवर न्यायची आणि वर दुसरा राउटर लावायचा, एवढंच.

वायर कॅट ६ घ्या, पूर्ण तांब्याची. हे महत्त्वाचं, बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर फार फिरते. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ठेवून द्या. तांब्याची आतपर्यंत तांबडी असते, बंडल हातात घेतलं तरी जड लागतं. शंभर मीटरपर्यंत स्पीड कमी होत नाही, तुम्हाला वीस-पंचवीस मीटर लागेल. भिंत फोडायची नसेल तर पडवीतून वर कौलाच्या खालून वाशांच्या कडेने माडीवर जाता येतं, जुन्या घरांचा हाच फायदा. फक्त पीव्हीसी पाईपमधून न्या, माळ्यावरच्या उंदरांना वायर फार आवडते. भोक पाडायचंच झालं तर जांभ्यात ड्रिल जातं, पण भिंतीच्या जाडीएवढं लांब बिट असलेला प्लंबर शोधावा लागेल.

वायरच्या टोकाला पिन मारणारा नवशिका असेल तर रंग त्याला वाचून दाखवा: नारंगी पांढरी, नारंगी, हिरवी पांढरी, निळी, निळी पांढरी, हिरवी, तपकिरी पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना सेम. आठपैकी एक जरी तार नीट बसली नाही तर लिंक गप १०० वर येते किंवा येतच नाही, आणि मग माणूस राउटरला शिव्या घालत बसतो.

मालवणी_मसालो:

अगो बाय, तुझो प्रश्न वाचून माका वाटला आमच्याच घराचा कोणी लिवलेला हा. 😀 आता मराठीत सांगतो.

मी केबलचंच काम करतो, फायबर ओढणं, जोडणं. चुलतभावाला सांग लॅनची वायर दोन घरांमध्ये अजिबात ओढायची नाही, आणि विजेच्या खांबावरून तर नाहीच नाही. खांबाला हात लावायचा आपल्याला अधिकार नाही हे एक, आणि वरची विजेची तार वाऱ्याने तुटून लॅनवर पडली तर तो करंट थेट घरात येणार. तुला पटत नव्हतं ते बरोबरच होतं.

पण खांब सोडून जमिनीतून नेली तरी तांब्याची वायर दोन घरांमध्ये नको. दोन्ही घरांचं अर्थिंग वेगळं असतं. वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरात आपल्याकडे कशी वीज कडाडते माहीत आहे, जवळपास कुठे पडली तरी एका घराच्या अर्थिंगचा दाब चढतो आणि तो उतरायला वाट शोधतो, ती वाट म्हणजे तुमची लॅन वायर. एका टोकाचा राउटर, दुसऱ्या टोकाचा राउटर, टीव्ही लॅनने जोडलेला असला तर टीव्ही, सगळं एका फटक्यात. दर सीझनला असे जळके पोर्ट बघतो मी, बाहेरून काळं पण झालेलं नसतं, नुसता दिवा लागत नाही.

त्यामुळे दोन घरांमध्ये फायबर टाका. काच आहे, वीज वाहत नाही. लोकांना वाटतं फायबर म्हणजे काहीतरी मोठं काम, तसं काही राहिलेलं नाही. लागतं काय: पन्नास-साठ मीटर ड्रॉप केबल (घरापर्यंत न्यायची बारीक फायबर केबल), आणि मीडिया कन्व्हर्टरची एक जोडी. कन्व्हर्टर म्हणजे एका बाजूला फायबर, एका बाजूला लॅनचं पोर्ट असलेली छोटी डबी. जोडी घेताना ए आणि बी अशीच घ्यायची, एक डबी १३१० नॅनोमीटरवर पाठवते आणि १५५० वर ऐकते, दुसरी उलट, म्हणून एकाच काचेच्या धाग्यावर जाणं-येणं दोन्ही होतं. दोन्ही ए घेतल्या तर दोघी बोलत राहतील आणि ऐकणार कोणीच नाही. गिगाबिटवाली घ्या, जोडी दीडेक हजारात बसते.

केबल घेताना सांगायचं, आत स्टीलची तार नको, एफआरपीवाली (वीज न वाहणाऱ्या फायबर-प्लॅस्टिकच्या काडीची) द्या. खांबावरून टांगायच्या ड्रॉप केबलला वजन धरायला पोलादी तार असते, ती असली तर काचेचा काय उपयोग, वीज तारेवरून येईलच. आणि टोकाचे कनेक्टर बघून घ्यायचे. तुमच्या डब्यात केबलवाल्याचं जे टोक जातं ते हिरवं असेल, त्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं. कन्व्हर्टरला बहुतेक निळं लागतं, सरळ तोंडाचं. हिरवं निळ्यात बसतं पण प्रकाश नीट जात नाही, सिग्नल पडतो आणि जोराने दाबलं तर तोंडाला ओरखडा पण येतो. निळ्याला निळं.

जमिनीतून नेणार असाल तर एक इंची एचडीपीई (जाड प्लॅस्टिकचा) पाईप, हातभर खोल, वर विटांचा एक थर किंवा निदान एक लाल पट्टी, म्हणजे उद्या कोणी कुदळ मारली तर आधी समजेल. वळणं मोठी गोल ठेवा, वहीच्या पानासारखी घडी घातली की आतली काच गेली. आणि उघड्या टोकात डोळा घालून बघायचं नाही, लेझर दिसत नाही पण असतो.

एक राहिलं. फायबरने लॅनकडून येणारी वीज थांबते, बोर्डाच्या लाईटमधून येते ती नाही. कन्व्हर्टर आणि राउटर आहेत तर प्लगलाच. कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवायची सवय ती ठेवायचीच.

देवरुखची_बाय:

बापरे, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. खर्च किती येईल साधारण दादा? आणि कोण करेल, केबलवाल्याला सांगितलं तर तो करेल का, त्याचं गिऱ्हाईक कमी होणार ना.

मालवणी_मसालो:

दोन्ही टोकं कारखान्यातून लावून आलेली तयार केबल मिळते, साठ मीटरची वगैरे, तीच घे म्हणजे जोडायला मशीन आणायची गरज नाही. फक्त पाईपमधून ओढताना कनेक्टरला पिशवी बांधून चिकटपट्टी गुंडाळायची आणि ओढायचं ते केबलला धरून, कनेक्टरला धरून नाही. चर खणायला तुझा चुलतभाऊ आहेच, एका दिवसात करतो म्हणत होता ना 😄 पाईप, केबल, कन्व्हर्टर, काकांकडे एक साधा राउटर, माडीवर एक, सगळं मिळून तुझ्या बजेटच्या आसपास जाईल, पाईपचे थोडे वर.

निवांत_नाना:

तांत्रिक सगळं तज्ञ मंडळींनी सांगितलंच आहे, मी जरा दुसरीकडे लक्ष वेधतो.

कनेक्शन कोणाच्या नावावर आहे ते बघा. घेताना जो फॉर्म भरतो त्यात बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की जोडणी दिलेल्या पत्त्यावर स्वतःच्या वापरासाठी, पुढे विकायची किंवा वाटायची नाही. चुलते म्हणजे घरचेच, कोणी लगेच येऊन कापणार नाही, पण केबलवाला गावातलाच माणूस आहे, त्याला समोर बसवून एकदा विचारून घ्या. पैसे अर्धे अर्धे हे तर त्याच्यासमोर बोलूच नका, ते पुढे विकल्यासारखं दिसतं. काकांनी विजेचं बिल द्यावं आणि तुम्ही नेटचं, असं काहीतरी घरातल्या घरात जुळवा.

दुसरं, त्या जोडणीवरून कोणी काही उद्योग केले, कुठे काही भलतं पोस्ट केलं, तर विचारणा नावावर असलेल्या माणसाकडे येते. काकांच्या घरात शिकायला येणारी मुलं, भाडेकरू कोणी असतील तर पासवर्ड सगळ्यांना वाटला जाणार. हे काकांशी आधीच बोला. नंतर बोललं की वाकडं वाटतं, आणि शेजारच्या घराशी वाकडं घेऊन गावात राहता येत नाही.

आणि हिशोब पण करा. हल्ली छोटे प्लॅन चार-पाचशेत मिळतात. काकांनी स्वतःचं घेतलं तर एवढं खणकाम वाचतं. मी तरी वेगळं घेतलं असतं. पण तुमचं घर, तुमचे काका.

तारवाला:

नानांचा मुद्दा रास्त आहे. पण गावाकडे दोन कनेक्शनं असली तरी एकाच केबलवाल्याची असतात, एक बंद पडलं की दुसरं पण बंद. काकांनी दुसऱ्या कंपनीचं घेतलं आणि मधला फायबर पण टाकला तर एकमेकांना आधार होईल, वर्क फ्रॉम होमवाल्याला ते सोयीचं. पुढचा विचार म्हणून सांगतो, आत्ता नाही.

देवरुखची_बाय:

नाना बरोबर बोललात, काकांशी आणि केबलवाल्याशी दोघांशी बोलले. केबलवाला म्हणाला एकाच कुटुंबाचं आहे, मला काही अडचण नाही, फक्त काकांच्या घरी बंद पडलं तर मला बोलवायचं नाही. चालेल. काका तर वेगळं घ्यायचं नावच काढू देत नाहीत.

आता तारवाला दादा, दुसरे राउटर लावायचे म्हणजे सेटिंग काय करायचं? मागे एकदा भावाने जुना राउटर जोडला होता तर अर्ध्या लोकांचं नेट गेलं होतं, आणि जुना डबा काढल्यावर परत आलं. तेव्हापासून आई नवीन डबा म्हटलं की घाबरते.

तारवाला:

अगदी नेहमीचं आहे हे. नेटला जोडलेल्या प्रत्येक फोन-लॅपटॉपला एक आकडी पत्ता (आयपी) मिळावा लागतो, त्या जुन्या राउटरने पण असे पत्ते वाटायला सुरुवात केली होती. एका घरात पत्ते वाटणारा एकच पाहिजे, तो तुमचा केबलवाल्याचा डबा. बाकीचे फक्त वायफाय फेकणारे.

नवीन राउटर विकत घेताना त्यात ॲक्सेस पॉइंट मोड आहे का विचारून घ्या, असला तर ते एक बटण दाबलं की काम झालं. नसला तर हाताने करायचं. राउटर आधी कशालाही न जोडता फक्त लॅपटॉपला जोडा, त्याचा पत्ता बदला. केबलवाल्याचा डबा समजा १९२.१६८.१.१ वर आहे, तर माडीवरच्याला १९२.१६८.१.२ द्या आणि काकांच्याला १९२.१६८.१.३. डबा जर दोन पासूनच पत्ते वाटत असेल तर त्याला सांगा वीसपासून वाट, म्हणजे टक्कर नाही. मग डीएचसीपी, म्हणजे त्याचं पत्ते वाटणं, बंद करा. मग ओटीवरून आलेली वायर नवीन राउटरच्या लॅनच्या पोर्टमध्ये लावा, निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या वॅनच्या (बाहेरचं नेट आत घ्यायच्या) पोर्टमध्ये नाही. इथे सगळे चुकतात, वॅन लिहिलंय म्हणून त्यात घालतात, मग घरात घर तयार होतं आणि काकांच्या फोनवरून तुमचा प्रिंटर दिसत नाही.

केबलवाल्याच्या डब्याला मागे चार पोर्ट असतील तर बारकाईने बघा, बऱ्याच डब्यांना एकच पोर्ट गिगाबिटचं असतं आणि बाकी शंभरची. तुमचा प्लॅन शंभरचाच आहे म्हणून आज फरक पडणार नाही, पण तुम्ही टेस्ट केलीत ते ९४ शंभरच्या पोर्टवर आलंय एवढं लक्षात ठेवा, उद्या प्लॅन वाढवलात आणि त्याच पोर्टवर राहिलात तर ९४ च दिसत राहील. पोर्ट पुरले नाहीत तर पाच पोर्टचा गिगाबिट स्विच घ्या.

वायफायचं नाव आणि पासवर्ड तिन्हीकडे एकच ठेवा, फोन चालता चालता आपोआप जवळचा धरतो. फक्त २.४ चा चॅनल वेगवेगळा, ओटीवर १, माडीवर ६, काकांकडे ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच. चाळीस करायचा मोह होतो, करू नका, गर्दीत ती तोट्याचीच. ५जी ला ३६ आणि १४९ असे लांब लांबचे घ्या, रुंदी ८० चालेल. डब्लूपीएस (पासवर्ड न टाकता बटणावर जोडायची सोय) बंद करा.

आणि ओटीवरचा टीव्ही वायरने जोडा, डबा त्याच्या पाठीवरच आहे! टीव्ही वायफायवरून गेला की बाकीच्यांना हवा मोकळी होते. डबा मात्र टीव्हीच्या मागून काढून दरवाजाच्या वर उघड्यावर लावा, केबलवाल्याची काच दोन-तीन हात सैल असते, नसली तर त्यालाच बोलवा, स्वतः ओढू नका.

झटपट_राजू:

आणि गणपतीचं काय? वीस माणसं म्हणते ती. इथे तर मला प्लॅन वाढवणंच दिसतंय.

तारवाला:

बघा राजूभाऊ, चांगल्या व्हिडिओ कॉलला जायला-यायला तीन-चार एमबीपीएस पुरतात, टीव्हीवर फोरके लावला तरी पंचवीसच्या आत. शंभर खाली यायला वीस माणसांना पण पुरतं. कमी पडतं ते वर जायला, ताईंकडे २२ च आहे. आता काय होतं, आरती झाली की वीस फोनमध्ये पाच-पाच मिनिटांचे व्हिडिओ, फोन वायफायवर आहे म्हटल्यावर सगळे फोन एकदम फोटोंचा बॅकअप क्लाउडवर चढवायला लागतात, शिवाय व्हॉट्सॲपवर पाठवणं वेगळं. काकांकडे कॅमेरे असतील आणि ते क्लाउडवर रेकॉर्ड करत असतील तर ते पण. अपलोड भरलं की डाउनलोड पण अडतं, कारण तुम्ही काहीही मागवलं तरी मागणी आणि पोच वर पाठवावी लागते आणि ती रांगेत उभी राहते. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड बरा दिसतो आणि तरी पान उघडत नाही, ते हेच.

ओळखायचं कसं: लॅपटॉपवर दोन खिडक्यांत पिंग (हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं) लावून ठेवा, एक १९२.१६८.१.१ ला, म्हणजे घरातल्या डब्याला, आणि एक ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेर गूगलच्या सर्व्हरला. पहिलाच वर उड्या मारत असेल तर वायफाय वाईट आहे. पहिला दोन-तीन मिलीसेकंदावर शांत आणि दुसरा पाचशे-हजारवर गेला तर लाईन भरली आहे.

उपाय म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करा आणि त्याला वेगाची मर्यादा लावा, वर जायला सगळ्यांचे मिळून दहा. एक सांगतो, राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये असला की त्याच्यावरचं गेस्ट नेटवर्क किंवा मर्यादा बऱ्याचदा चालत नाही, त्यामुळे हे केबलवाल्याच्या डब्यातच सोय आहे का बघा. त्याच्यात नसेल तर दुसरा मार्ग, डबा ब्रिजवर टाकून घ्यायचा, म्हणजे तो नुसतं नेट पुढे देतो (हे केबलवालाच करून देतो), आणि त्याच्यामागे एसक्यूएम (लाईनवरची रांग सांभाळायची सोय) असलेला चांगला राउटर मुख्य म्हणून बसवायचा, अपलोड वीसवर बांधायचं. मग वीस जण एकदम चढवू देत, तुमची मीटिंग तुटत नाही. तो खर्च जास्त आहे, पण प्लॅन वाढवण्याच्या आधी मी तिथे पैसे घालीन.

केबलवाल्याला विचारा, त्याच पैशात अपलोड वाढवून देतो का. काही जण देतात, नुसतं विचारलं पाहिजे.

निवांत_नाना:

किंवा पाहुण्यांना सांगा, बॅकअप मुंबईला जाऊन करा.

मालवणी_मसालो:

नाना 😂😂 चाकरमान्यांका ह्या तुम्ही सांगा, आम्ही लांबून बघतो.

देवरुखची_बाय:

माडीची वायर झाली! पडवीतून कौलाखालून नेली, तारवाला दादांनी सांगितल्याप्रमाणे ब्लेडने खरवडून घेतली, पहिल्या दुकानातली पांढरी निघाली, दुसऱ्यातली घेतली. माडीवर आता ५जी वर ९१ येतं, काल दोन तासांची मीटिंग कॅमेरा चालू ठेवून केली. कपाट जिथल्या तिथे आहे, बाबा हलवू देत नाहीत, पण डबा दरवाजावर गेला.

खळ्यातला चर अर्धा झालाय, मध्ये पाऊस लागला. एक प्रश्न राहिला, आंब्याच्या मुळाच्या अगदी जवळून पाईप जातोय, मुळं जाड झाली तर पाईप दाबेल का? काका म्हणतात मूळ तोडू या, मी नको म्हटलंय.

मालवणी_मसालो:

मूळ तोडू नको. जाड मूळ दिसलं की पाईप त्याच्या खालून घाल, वरून नाही, आणि खोडापासून दोन-अडीच मीटर लांबून वळण घे. पाच मीटर केबल जास्त गेली तरी फरक पडत नाही, म्हणून तर साठची घे म्हटलं होतं. उरलेली गुंडाळी घराच्या बाजूला भिंतीवर मोठा गोल करून टांग, जमिनीत नको. आणि पाईपची दोन्ही तोंडं बूच लावून बंद कर, नाहीतर पावसाचं पाणी आणि बेडूक दोन्ही थेट काकांच्या घरात.